नाकाखालची शिवण

दूध नाकातून परत आलं, तसा खुशाल बहेकार सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय नातीचा चेहरा म्हणजे एक गव्हाळ गोल आणि त्यात काहीतरी ओलं. तेवढं त्यांना सोसत होतं.

जमुनाबाईंनी पदराच्या टोकानं ओघळ टिपले, नातीला खांद्याशी उभं धरलं, पाठीवर थापट्या दिल्या आणि लांब दांडीच्या चमच्यानं पुन्हा पाजायला सुरुवात केली. एक घोट आत, अर्धा बाहेर. बाहेर आलेलं थोडं त्यांच्या मनगटावर, थोडं पोलक्यावर. वाटीभर दुधाला अर्धा तास. सरांच्या या बायकोला किळस कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. घरातली सगळी किळस सरांच्या एकट्याच्या वाट्याला आली होती.

नाव खुशाल असलं तरी देवरीच्या कॉलेजात एकोणतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवणारा हा माणूस सहसा कशावर खूश नसे. खर्रा खाऊन जिन्याचे कोपरे रंगवणारी पोरं, एकाच पेल्यानं पाणी पिणारे सहकारी, पंगतीत भाताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालणारे सोयरे, या सगळ्यांची त्यांना शिसारी येई. शिसारी येणं हे शिकलेल्या माणसाचं लक्षण आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

साडेतीन महिन्यांपूर्वी रिंकू जन्मली. वरचा ओठ डाव्या नाकपुडीपर्यंत उघडा, आत टाळूलाही फट. सर दरवर्षी फळ्यावर गर्भाचा चेहरा काढत. कपाळाकडून उतरणारा उंचवटा, दोन बाजूंनी येणारे गालाचे, खालून जबड्याचे, सगळे रंगीत खडूनं. हे जुळलं नाही तर काय होतं, तेही एका बाणानं दाखवत आणि परीक्षेत पाच गुणांना विचारत. पाळण्यात तीच आकृती त्यांच्याकडे बघून हसली. नातीला हातही न लावता त्यांनी दोनदा हात धुतले. तेव्हापासून ते तिच्याशी बोलत ते साधारण तिच्या टोपड्याकडे पाहून.

ही गोष्ट घरात कुणाला कळली नाही, असं त्यांना वाटे.

आज चार वाजता बाया येणार होत्या.

सोमवारी नागपूरला रिंकूच्या ओठाचं ऑपरेशन होतं. पाच किलो वजन भरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. ते परवा एकदाचं भरलं. ही तारीख चुकली तर पुढची थेट उन्हाळ्यात. तोवर पोर असंच अर्धं दूध बाहेर टाकत राहणार आणि आत गेलेल्यातलं थोडं छातीत उतरत राहणार. एकदा न्युमोनिया होऊन गेलाच होता. सगळं ठरलं होतं, आणि जमुनाबाईंनी एक अट घातली. हर्षानं, म्हणजे सुनेनं, आधी आपली चूक कबूल करायची. पाच सवाष्णींसमोर, धानानं भरलेल्या सुपावर दोन्ही हात ठेवून, ग्रहणात काय कापलं, कशानं कापलं, हे तोंडानं सांगायचं. मग त्या बाया तिच्या तोंडात गूळ घालणार आणि दोष उतरणार. जमुनाबाईंच्या माहेरची ही रीत. कबुलीशिवाय पोरीच्या तोंडाला सुई लागली तर टाका धरत नाही, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं, आणि आई आता बदलून सांगायला हयात नव्हती.

चूक झाली होती होळीच्या दिवशी. दुपारपासून ग्रहण होतं. घरात चूल बंद, पाण्यावर तुळशीची पानं. पाच वाजता सरांना चहा हवा झाला. तसा तो त्यांना रोजच लागे, पण त्या दिवशी तो तत्त्वासाठी हवा होता. ग्रहणात चहा पिऊन दाखवणे, हा त्यांचा एकूण विज्ञानप्रसार. जमुनाबाई उठल्या नाहीत. पाचव्या महिन्यातली हर्षा उठली, तिनं कात्रीनं दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला आणि चहा टाकला. सरांनी तो अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना दिसेल असा प्यायला.

रिंकूला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा जमुनाबाई दवाखान्यातच म्हणाल्या होत्या की पिशवीचा कोपरा कापल्यावर जसं तिकोनी तोंड होतं, अगदी तसंच आहे. पुराव्यादाखल त्यांनी नंतर एक पिशवी कापूनही दाखवली. आकार जुळत होता. ते सरांनाही नाकारता आलं नाही.

हर्षा कबूल करायला तयार नव्हती. पिशवी कापली हे ती नाकारत नव्हती, त्यानं झालं हे नाकारत होती. ती बी.ए. होती, तिरोड्याकडची होती, आणि मोजकं बोलत होती. नवरा ओमेश तिरोड्याच्या वीज प्रकल्पात कंत्राटावर होता. सकाळी फोनवर त्यानं आपला निकाल दिला. फोन स्पीकरवर होता, म्हणून तो सगळ्यांनी ऐकला.

“आई म्हणते तं म्हणून टाक ना वं. दोन मिनिटांचं काम. कायले इश्यू बनवून राहिली?”

“अन् नाही म्हटलं तं?” हर्षानं विचारलं.

“मंग सोमवारी पोरगी उंबऱ्याबाहेर जात नाही,” उत्तर जमुनाबाईंनी दिलं आणि फोन बंद केला.

तेव्हा हर्षा सरांकडे आली होती. सासऱ्याला मामाजी म्हणायची त्या घरची पद्धत.

“मामाजी, तुम्ही सांगा त्यांना. तुम्हाले तं सारं माहीत आहे.”

सर एकदम ताठ बसले. घरात त्यांना गॅसचा नंबर लावायला सांगत, पंख्याला तेल द्यायला सांगत. प्राणिशास्त्र कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी तिला सांगितलं की येऊ दे बायांना, एकेकीचा अंधार दूर करतो.

बाया चाराच्या साडेचार वाजता आल्या. पुढारी होती रुख्माबाई, गल्लीतली सर्वांत जुनी सवाष्ण. तिचा नवरा दहा वर्षांपासून खाटेवर होता आणि कुणाला ओळखत नव्हता, पण होता. बाकी चौघी तिच्या मागं ओळीनं ओसरीवर टेकल्या. एकीनं बसल्या बसल्या नखानं दातातलं काहीतरी काढून पाहिलं आणि परत तोंडात घातलं. रुख्माबाईनं नळावर जाऊन तंबाखूची चूळ अशी मारली की सरांच्या मोगऱ्याच्या पानांवर तपकिरी ठिपके पडले. सरांनी श्वास रोखून दहापर्यंत मोजले. विज्ञानासाठी एवढं सोसायला हवं होतं.

सूप मांडलं गेलं. हर्षा रिंकूला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली.

“घे वं बाई, सांगून टाक,” रुख्माबाई म्हणाली. “आम्हीबी कापलं असन कधी. कोन हाय इथं दुधानं धुतलेली.”

“एक मिनिट,” सर म्हणाले आणि खिशातून खडू काढून ओसरीच्या सिमेंटवर गुडघ्यावर बसले.

त्यांनी एक मोठा गोल काढला. प्राध्यापकाला असं जमिनीवर पाहून बायांनी पाय आखडून घेतले. त्यांनी सांगितलं की बाळ लाखोळीच्या दाण्याएवढं असतं, तेव्हा त्याला तोंड म्हणून काही नसतं. एक खळगा असतो. गालाचं हाड, जबड्याचं हाड, नाकाचं हाड, यांतलं काहीही समोर तयार होत नाही. त्यांचा माल मागून येतो. पाठीशी एक लांब नळी मिटत असते, तिचाच पुढं मेंदू होतो आणि पाठीतली दोरी होते. ती मिटते त्या काठावरच्या काही पेशी तिथून सुटतात आणि चालू लागतात. सरांनी स्वतःच्या मानेमागं हात ठेवला आणि बोटं कानाखालून गालावर, गालावरून नाकाखाली आणली. अशा, दोन्ही बाजूंनी. कातडीच्या आतून. जिथं पोचायचं तिथं पोचल्या की थांबतात आणि हाड होतात.

“त्याह्यले कोन सांगते कुठं थांबाचं ते?” दातवाल्या बाईनं विचारलं.

“वाटेत एकमेकींनाच सांगत येतात.”

“म्हंजे धानाच्या रोवण्यावानी,” रुख्माबाई म्हणाली. “दोन टोळ्या दोन धुऱ्यांकडून रोवत येतेत अन् बांधीच्या मधात भेटतेत.”

सरांचा हात थांबला. इतक्या वर्षांत इतकं नेमकं उदाहरण त्यांना सुचलं नव्हतं, आणि ते तंबाखूच्या तोंडातून आलं होतं.

“तसंच,” ते नाइलाजानं म्हणाले. “आणि भेटल्या त्या जागेची खूण राहते. प्रत्येकाच्या. नाकाखाली बोट लावून पाहा. मधात उभी खाच आहे ना, ती शिवण आहे.”

पाच बायांची पाच बोटं वरच्या ओठावर गेली. जमुनाबाईंचंही गेलं. जी ती आपापली खाच चाचपत राहिली आणि एकीनं शेजारणीचीही चाचपून पाहिली. कॉलेजात एवढी शांतता सरांना फक्त हजेरीच्या वेळी मिळत असे.

मग त्यांनी हिशेब मांडला. ही शिवण पडते ती डॉक्टरांच्या मोजणीनं आठव्या-नवव्या आठवड्यात. आतली टाळू बाराव्यापर्यंत. पडली तर तेव्हा पडली, नाही तर नाही. होळीचं ग्रहण लागलं तेव्हा हर्षाला विसावा आठवडा होता. म्हणजे रिंकूचं तोंड जे काही व्हायचं ते होऊन दोन महिने झाले होते. त्यानंतर हिनं दुधाची पिशवी कापली काय आणि अख्खं कोहळं कापलं काय, आत काही हलणार नव्हतं.

एक बाई हसली. हर्षानं पहिल्यांदा मान वर केली.

“मंग पिशवीसारखंच कसं दिसते?” जमुनाबाईंनी विचारलं, पण त्यांचा आवाज आता तेवढा चढा नव्हता. त्या सुनेकडे पाहत होत्या, आणि त्या पाहण्यात, सरांना वाटलं, थोडी शरम होती. तीन महिने त्यांनी या पोरीला ताटावरून उठवलं होतं. आता त्या बहुधा सूप उचलायला सांगणार होत्या.

सर खडू झटकत उठले. अंगभर विजय चढला होता. आणि तेवढ्यात रुख्माबाईनं तो प्रश्न विचारला, अगदी साधेपणानं, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या हुशार पोरीनं विचारावा तसा.

“पन मास्तर, रोवना मधातच थांबन कायले? बाया बिनाकामाच्या नाही थांबत. पानी येते, नाही तं कोनाले साप दिसते. त्या हप्त्यात काही झालं असन ना?”

मास्तर म्हटल्याचा त्यांना नेहमी राग येई. आज आला नाही. प्रश्न योग्य होता, आणि योग्य प्रश्नाला उत्तर देण्याची सवय एकोणतीस वर्षांची होती.

“पाहू ना,” ते म्हणाले.

भिंतीवर यंदाचं कॅलेंडर होतं आणि त्याच खिळ्याला त्याच्या मागं गेल्या वर्षीचं, शेवटच्या पानावर थांबलेलं. सरांनी जुनं काढून आणलं, चष्मा लावला आणि सुपाशेजारी ते पसरलं. सोनोग्राफीच्या कागदावरची, जिथून आठवडे मोजतात ती पहिली तारीख त्यांना पाठ होती, चौदा ऑक्टोबर. तिथून त्यांनी खडूनं एकेक मंगळवार टिपत मोठ्यानं मोजलं. पानं उलटली. बायाही त्यांच्याबरोबर मोजू लागल्या. सात आठवडे दोन डिसेंबरला भरले.

“इथून आठवा,” ते म्हणाले आणि खडू पुढं सरकवला. “मंगळवार. बुधवार. गुरुवार.”

गुरुवारच्या चौकोनात बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: अर्धी रजा.

अक्षर त्यांचं होतं. आपल्या रजा ते स्वतःच तिथं टिपून ठेवत, कॉलेजच्या बाबूवर त्यांचा विश्वास नव्हता.

चार डिसेंबर. मार्गशीर्षातली पौर्णिमा. सकाळी सहाला ते जमुनाबाईंना भाड्याच्या कारमधून छत्तीसगडच्या हद्दीपलीकडच्या एका गावात घेऊन गेले होते. तिथं एक महाराज पुडी देत असे. दुसऱ्या महिन्यात, पौर्णिमेला, बारा वाजायच्या आत, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. मुलगाच होतो. जमुनाबाईंच्या भाचीला झाला होता.

सर गाडीतून उतरले नाहीत. काच वर करून, एसी लावून बसले. अशा ठिकाणाची त्यांना किळस होती. अंगणात कोंबड्यांची घाण, तीतच बायांची रांग, आणि खाटेवर तो महाराज, जिभेनं अंगठा ओला करून वर्तमानपत्राचे चौकोन सुटे करणारा. काळ्या नखाच्या त्याच अंगठ्यानं चिमूट भरून तो राखाडी पूड कागदात टाकी. सरांनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. त्या पुडीत काय आहे हे विचारायला खाली उतरावं लागलं असतं.

मुलगा की मुलगी हे पहिल्याच दिवशी ठरतं, हे ते दरवर्षी शिकवत. म्हणजे ही पूड मुलगा देऊ शकत नव्हती. जी पूड म्हणते ते करू शकत नाही, ती काहीच करू शकत नाही, असं त्यांनी तिथं बंद काचेआड बसून मनाशी पक्कं केलं होतं. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर त्यांनी शून्य देऊन वर शेरा मारला असता.

आणि घरी आल्यावर हर्षानं विचारलं होतं. हे त्यांना आता खडू हातात असताना आठवलं. जमुनाबाई आत दूध गरम करत होत्या, आणि ती पुडी तळहातावर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली होती. मामाजी, हे घेऊ का. तुम्ही म्हणान तं घेतो.

कॉलेजला निघायची घाई होती. बूट घालता घालता ते म्हणाले होते, “घेऊन टाक. हळद-बिळद असते. घरात कटकट कायले?”

मग मुलगी झाली, तेव्हा पुडीचा विषय संपला. ती लागू पडली नाही म्हणजे ती नव्हतीच, असं जमुनाबाईंनी धरलं. सरांनीही तेच धरलं होतं, फक्त शास्त्रीय कारणानं.

“काय लिहिलं हाय जी?” दातवाल्या बाईनं मान लांब केली.

सरांचा तळहात चौकोनावर पडला. मुद्दाम नाही, असं त्यांना स्वतःला वाटलं. जमुनाबाईंना वाचता येत होतं, पण त्या हाताकडे पाहत नव्हत्या, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. तिथं काय दिसलं कोण जाणे, त्यांच्या मांडीवरचा हात हळूच पदरात गेला. त्यांनी एकदा कॅलेंडराकडे पाहिलं, एकदा रिंकूकडे, आणि मग त्या कुठंच पाहीनाशा झाल्या.

“काही नाही,” सर म्हणाले. “कारण सांगता येत नाही. बहुतेक वेळा सांगता येतच नाही. शास्त्रालाही.”

हे खरं होतं. पुस्तकात असंच होतं. पण आपण आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तकाच्या मागं लपतो आहोत, हेही खरं होतं, आणि त्याची चव त्यांना जिभेवर येत होती.

“मंग ग्रहनानं नाही झालं, हे कसं सांगून राहिले तुम्ही?” रुख्माबाईनं विचारलं. तिला वाद घालायचा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “कारन मालूम नाही म्हनता, अन् हे नाही हेबी म्हनता. त्या हप्त्यात काही तं झालं असन. आठवून पाहा. हर्षा, तुले आठवते का वं? काही खाल्लं, काही पेलं?”

सरांना हात उचलता येईना. तळहाताखाली खडूची भुकटी आणि घाम यांचा गिलावा झाला होता, आणि तो त्यांना जाणवत होता. एवढा घाणेरडा त्यांचा हात त्यांना कधी वाटला नव्हता.

हर्षानं त्यांच्या हाताकडे पाहिलं. तिनं चौकोन झाकला जाण्याआधी वाचला होता की नव्हता, हे सांगता येणार नाही. पण पौर्णिमा तिची होती. तोंडातली कडू चव तिची होती. ती मोजत होती हे मात्र दिसत होतं, ओठ न हलवता, आणि ती आठवडे मोजत नव्हती. इथं पुडीचं नाव निघालं तर आज काय होईल, उद्या कोण रडेल, परवा ओमेश कसा ओरडत येईल, आणि सोमवारी सकाळी बसस्टँडवर कोण उभं असेल, हे ती मोजत होती.

तिनं रिंकूला सासूच्या मांडीवर दिलं. जमुनाबाईंनी पोर घेतली.

हर्षानं दोन्ही हात सुपातल्या धानावर ठेवले.

“मी कापली,” ती म्हणाली. “होळीले. दुधाची पिशवी. कात्रीनं.”

रुख्माबाईनं सुस्कारा सोडला. एकेकीनं पुढं होऊन तिच्या तोंडात गुळाची चिमूट घातली. पाच बायांची बोटं, त्यांतलं एक दातातलं. हर्षानं एकेक चिमूट गिळली. सर पाहत राहिले. त्यांनी तोंड फिरवलं नाही, कारण मान वळत नव्हती.

जाताना बायांना खडूचा चेहरा ओलांडणं भाग होतं. चौघी ओलांडून गेल्या. रुख्माबाई मात्र कडेनं गेली आणि पायरीवर थांबून म्हणाली, “मास्तर, वाईट नका वाटून घेऊ. तुमचं सांगनं चांगलं होतं. फक्त शेवट नाही जमला.”

जमुनाबाई नातीला घेऊन आत गेल्या होत्या. आतून त्यांचा आवाज येत होता. त्या पोरीशी बोलत नव्हत्या, अंगाई म्हणत नव्हत्या, नुसतं “माय, माय” म्हणत होत्या, हलक्या आवाजात, थांबून थांबून.

हर्षानं सूप उचलून कोनाड्यात ठेवलं, ओसरी झाडली. मग ती आतून दवाखान्याची फाइल घेऊन आली आणि सरांच्या समोर बसली. ते अजून तिथंच, गुडघ्यांवर होते.

“सोमवारी सहाची बस आहे,” ती म्हणाली. “ओमेशले सुट्टी नाही. तुम्ही चला.”

सरांनी होकारार्थी मान हलवली.

तिनं फाइलीतून एक छापील फॉर्म काढला. बहुतेक भरलेला होता, तिच्या सरळ अक्षरात. बाळाचं वजन, आईचं वय, रक्तगट. दुसऱ्या पानावर एक जागा रिकामी होती. पहिल्या तीन महिन्यांत आईनं घेतलेली औषधं, घरगुती असल्यास तीही.

“पुढं कधी दुसरं लेकरू झालं तं डॉक्टरले मालूम पाहिजे,” ती म्हणाली. “तारीख, काय घेतलं, कोणाकडून आणलं. सारं.”

“काय होतं त्यात ते मला माहीत नाही.”

“हो. तेबी लिहा.”

त्यांनी फॉर्म परत तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, “बाकी तूच भरलंस. अक्षर चांगलं आहे तुझं. एवढं पण...”

“मले येते लिहिता, मामाजी,” हर्षा म्हणाली. “पण हे तुम्ही लिहा.”

तिनं पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्यापुढं धरलं. सरांनी धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि पेन घेतलं. रकाना दोन ओळींचा होता.